गाडीत माणूस लागतं

इटलीच्या किनाऱ्यावर भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवू नका, असं मला अकरा जणांनी सांगितलं होतं. त्यातल्या दहा जणांनी इटली सोडाच, गाणगापूरच्या पुढे कधी गाडी नेली नव्हती, आणि अकरावी माझी बायको होती. तेव्हा ऐकायचं कोणाचं, हा प्रश्नच नव्हता.

मुळात ही सहल माझी नव्हे, हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे ते कबूल करणं अवघड जाईल. सहल माझ्या बायकोची, दाक्षायणीची. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत तिने एकतीस वर्षं भूगोल शिकवला. त्यात एक धडा भूमध्य सागरी हवामानाचा. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, डोंगरउतारावर पायऱ्या पाडून लावलेली ऑलिव्ह, द्राक्षं आणि लिंबं. दर वर्षी ती फळ्यावर निळ्या खडूने तो समुद्र काढायची, मध्ये बुटासारखी इटली सोडायची आणि तास संपला की डस्टरने सगळं पुसून टाकायची. निवृत्तीच्या समारंभात कोणीतरी विचारलं, बाई, आता काय करणार? अशा वेळी माणसं देवदर्शन, नातवंडं असं काहीतरी म्हणतात. ही म्हणाली, "जो समुद्र एकतीस वेळा पुसला, त्यात एकदा उतरणार." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं, समारंभात बोलायचं म्हणून बोलली असेल.

आठ दिवसांत ती सात रस्त्यावरून एका सहल कंपनीचं पत्रक घेऊन आली. अकरा दिवस, बस, सोबत मराठी आचारी, आणि चौथ्या दिवशी दुपारी समुद्रस्नान. त्या समुद्रस्नानाखाली तिने लाल पेनाने रेघ मारली होती.

मी नाही म्हटलं. आमच्या जुळे सोलापुरातल्या इमारतीत खालच्या मजल्यावर महिपतराव राहतात. ते असल्याच सहलीला जाऊन आलेले, त्यामुळे परदेश या विषयावर इमारतीत शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनीच मला सांगितलं होतं की तिथे एक गाइडबाई छत्री उंच धरून पुढे चालते आणि "चला काका, चला मावशी" करत सगळ्यांना बसमध्ये भरते. मी पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. नऊ वर्षं उजनीवर काढली. धरणाचे दरवाजे उघडण्याचे कागद माझ्या टेबलावरून गेलेले आहेत. मी कोणाच्या छत्रीमागे चालणार नाही. "आपण गाडी भाड्याने घेऊ," मी म्हणालो, "मनाला येईल तिथे थांबू. तुला वाटेल तितका वेळ पाण्यात बस." हे शेवटचं वाक्य मी बोललो होतो, हे खरं आहे. दाक्षायणीला ते तारखेसकट आठवतं.

महिपतरावांना सांगितलं तेव्हा ते जिन्यात जरा थांबले. आपल्या छत्रीवाल्या सहलीपेक्षा वरचढ काही निघालं हे त्यांना आवडलं नसावं, पण सल्ला मात्र त्यांनी दिला. "चालवा की. काय होतंय? फक्त रस्ता उलटा असतोय तितं. आपण हितं राँग साइडनं जातो न्हवं, तसंच जायचं, पण सगळ्यांसंगट." मला हा सल्ला अतिशय शास्त्रीय वाटला.

मग परदेशात गाडी चालवण्याचा परवाना. माझं लायसन जुनं, पुस्तकाच्या आकाराचं, त्र्याण्णव सालचं. आरटीओच्या खिडकीतल्या मुलीने नंबर टाकला, परत टाकला, शेवटी म्हणाली, "काका, तुमी सिस्टिममधे न्हाईत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमी गाडी चालवताय असं कुटं दिसतच न्हाई."

परदेशातल्या छत्रीला घाबरलो आणि काका मला गावातच म्हटलं गेलं. घरी येऊन सांगितलं, तर दाक्षायणी भाजी निवडता निवडता म्हणाली, "संगणक उगाच कशाला बोलेल?" त्यानंतर मी पाच हेलपाटे घातले. एक जुन्या नोंदवहीसाठी, एक डॉक्टरच्या दाखल्यासाठी, एक त्या डॉक्टरच्या शिक्क्यासाठी, आणि दोन साहेब जेवायला गेले होते म्हणून. शेवटी वही सापडली. तिच्यातल्या फोटोत मला भरघोस मिशा होत्या आणि तो मीच आहे हे सिद्ध करायला आणखी एक दिवस गेला. परवाना हातात आला तेव्हा मला इतकं कृतकृत्य वाटलं, की गाडी चालवणं हा भाग मी झाल्यातच धरला.

निघायच्या आदल्या दिवशी दाक्षायणीचा थोरला भाऊ चनबसप्पा अक्कलकोटहून मुद्दाम आला. त्याचं डाळीचं दुकान आहे, आणि फार गंभीर झाला की तो मराठी सोडून कानडीत शिरतो.

"दाजी, सोलापुरात घाट हाय का?"

"नाही."

"चढ?"

मी आठवून पाहिलं. रेल्वेवरचा पूल सोडला तर नाही.

"मग बेड, दाजी. बेड." बेड म्हणजे नको.

मी ऐकत नाही म्हटल्यावर त्याने पिशवीतून चार लिंबं आणि लिंबू-मिरचीची एक माळ काढली. माळ गाडीच्या पुढे बांधायची आणि चार लिंबं चार चाकांखाली ठेवून गाडी त्यांच्यावरून न्यायची. गाडी भाड्याची असली म्हणून काय झालं, नजर काय कागद बघून लागते?

"अण्णा, तिथे लिंबांचे डोंगर आहेत," दाक्षायणी म्हणाली. "धड्यातच होतं."

"असू द्या की. ती त्येंची लिंबं."

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि आत कोणी नसलं, तर ती पार्क केलेली असते आणि पोलीस ती उचलून नेतात. पण आत माणूस बसलेलं असलं, तर ती पार्क केलेली नसते, नुसती थांबलेली असते. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण गाडी घेतल्यापासून आम्ही तो पाळत आलो आहोत. नवी पेठेत कापड घ्यायला गेलो, की मी उतरतो आणि दाक्षायणी बसते. दवाखाना असो, बँक असो, मी उतरतो, दाक्षायणी बसते. "गाडीत माणूस लागतं," एवढं म्हटलं की झालं. तिच्या मावसबहिणीच्या लग्नात तिने अक्षता गाडीच्या काचेतून टाकल्या असं ती सांगते, पण त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. शेवटच्या मंगलाष्टकाला मी तिला आत बोलावलं होतं.

दसरा झाला आणि आम्ही निघालो. सालेर्नो नावाच्या शहरात खोली घेतली होती, तिथेच गाडीही मिळाली. गाडीवाल्या कंपनीची मुलगी किल्ली आणायला आत गेली, तेवढ्यात मी वाकून चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि पुढे माळ बांधली. मुलगी परत आली, तिने गाडीभोवती फिरून पाहिलं, गुडघ्यावर बसली आणि एकेक करून चारही लिंबं बाहेर काढली. पुसली. कागदाच्या पिशवीत घातली. मग हसून माझ्या हातात दिली. तिला वाटलं, माझी बाजारातली पिशवी फाटली. दाक्षायणी मला म्हणाली, "थँक यू म्हणा." मी म्हणालो. पुढे जे जे झालं त्याचं मूळ माझ्या मते या अर्धवट राहिलेल्या पूजेत आहे. दाक्षायणीचं मत वेगळं आहे.

त्या गाडीत वायपर आणि सिग्नल यांच्या दांड्यांची अदलाबदल केलेली होती. मी वळायला जायचो आणि वायपर सुरू व्हायचे. पाच दिवस इटलीत ढगसुद्धा नव्हता आणि आमची काच पाण्याशिवाय खरवडली जात होती. मागचे लोक हॉर्न वाजवत. मला पहिल्या दिवशी त्याने घरच्यासारखं वाटलं, मग लक्षात आलं की तिथे तो अपमान असतो.

रस्ता म्हणजे डोंगराच्या कमरेला बांधलेला करदोडा. जाताना समुद्र डावीकडे, आणि तिकडच्या गाड्यांत चालकही डावीकडे. म्हणजे समुद्र माझ्या बाजूला आणि दाक्षायणीच्या बाजूला दगडी भिंत. शिवाय उजवा आरसा त्या भिंतीला किती जवळ आहे हे सांगायचं काम मी तिच्याकडे दिलेलं. एकतीस वर्षं ज्या किनाऱ्याची पायऱ्यापायऱ्यांची शेती तिने शिकवली, तिथे ती दिवसभर "एक वीत, अर्धी वीत, लागली" एवढंच बोलत होती. परतीच्या वाटेवर समुद्र तिच्या बाजूला आला असता. पण त्या बाजूचा कठडा बुटका आणि खाली सरळ कडा. मी घाबरलो असं नाही, पण सावधगिरी म्हणून रोज आम्ही मागच्या डोंगरातल्या रस्त्याने परतलो. त्या रस्त्यावरून समुद्र दिसत नाही.

पहिल्या दिवशी एका वळणावर थोडी मोकळी जागा दिसली. खाली पायऱ्या, पायऱ्यांच्या तळाशी पाणी. दाक्षायणीने मांडीवरची पिशवी उचलली. पिशवीत चाटी गल्लीतून आणलेला नवा सोलापुरी टॉवेल होता, खास त्यासाठी घेतलेला.

"उतरू?"

"थांब. आधी मी बघून येतो. किती पायऱ्या आहेत, तुझ्या गुडघ्याला झेपतील का. तू बस. गाडीत माणूस लागतं."

दोनशे चौऱ्याऐंशी पायऱ्या निघाल्या. मी खाली गेलो, जरा उभा राहिलो, वर आलो. घाम पुसत होतो, तेव्हा तिने विचारलं, "काय होतं?"

"पाणी."

"कसं?"

"पाण्यासारखं. आपलं उजनी भरलं की दिसतं, तसंच."

तेवढ्यात मागे बस आली, हॉर्न सुरू झाले, आणि आम्हाला निघावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी खालून मोबाइलवर फोटो काढून आणला. तिने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, परत लहान केला आणि मोबाइल मला दिला. तिसऱ्या दिवशी मी वर आलो, तर एक लिंबं विकणारी म्हातारी गाडीच्या काचेला टेकून दाक्षायणीशी बोलत होती. ही मराठीत, ती इटालियनमध्ये, पण दोघींचं छान चाललं होतं. म्हातारीने नारळाएवढं एक लिंबू तिच्या हातात ठेवलं होतं आणि खाली समुद्राकडे बोट करून काहीतरी विचारत होती. बहुधा, तू का जात नाहीस? दाक्षायणीने माझ्याकडे बोट केलं. म्हातारीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यावर चनबसप्पाच्या माळेचाही उपाय चालला नसता.

चौथ्या दिवशी तिने उतरू का असं विचारलंच नाही. मला बरं वाटलं. मला वाटलं, तिलाही आता परिस्थिती कळली.

पाचवा दिवस शेवटचा. संध्याकाळी गाडी परत द्यायची होती. एका गावाच्या तोंडाशी, बसथांब्याजवळ, ती म्हणाली, "थांबवा." वर्गात म्हणायची त्या आवाजात. मी थांबवली. तिने पट्टा सोडला, पिशवी घेतली, दार उघडलं.

"अगं, आधी मी—"

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "गाडीत माणूस लागतं ना?"

आणि पायऱ्या उतरून गेली. गुडघ्याचं काही दिसलं नाही. मागे वळून पाहिलं नाही.

मी बसलो. आपल्या कायद्याप्रमाणे गाडी पार्क केलेली नव्हती. पाच मिनिटांत पांढऱ्या टोपीचा पोलीस आला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, पुढे चला. मी स्वतःकडे बोट दाखवलं, आत माणूस आहे. त्याने मान डोलावली, त्यालाही ते दिसत होतं, आणि परत म्हणाला, पुढे चला. या देशात माझ्या असण्याला काही किंमतच नव्हती. निघालो. रस्ता गावात शिरला, गल्ली अरुंद झाली, लोक भिंतीला चिकटून उभे राहिले, माझे वायपर सुरू झाले. कुठे लाल गोल पाटी होती म्हणतात. मी तिच्याकडे पाहण्याच्या स्थितीत नव्हतो. गल्ली फिरून पुन्हा बसथांब्यावर आली. दाक्षायणी नव्हती, पोलीस होता. परत गल्ली, परत थांबा, परत पोलीस. तिसऱ्या फेरीला एका हॉटेलवाल्याने मला हात केला, ओळख झाल्यासारखा. एका ठिकाणी दोन घरांच्या फटीतून खाली समुद्र दिसत होता आणि त्यात काही माणसांची डोकी. एवढ्या लांबून कोणतं कोणाचं, हे कळत नव्हतं. मागून हॉर्न वाजला म्हणून मी पुढे गेलो.

दीड तासाने ती थांब्यावर उभी दिसली. केस ओले, कपडे ओले, चपला हातात. चेहऱ्यावर काहीतरी असं होतं, की ते मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी काच खाली केली. काय बोलावं, याचे शंभर पर्याय होते. मी म्हणालो, "सीट ओली होईल. कंपनीवाले बोलतील. काहीतरी पसर."

तिने तो नवा टॉवेल पिशवीतून काढला. अजून केससुद्धा पुसले नव्हते. तो सीटवर पसरला, नीट चार कोपरे ओढले आणि त्यावर बसली. चेहऱ्यावरचं ते जे काही होतं, ते तोवर गेलं होतं. डोंगरातल्या रस्त्याने परत येताना ती उजव्या आरशाबद्दल एक शब्द बोलली नाही. आरसा सालेर्नोच्या अलीकडे एका खांबाला लागून तुटला.

सोलापुरात आल्यावर मात्र मी सहल पुष्कळ सुधारून सांगितली. महिपतरावांना, चनबसप्पाला, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना. मनाला येईल तिथे थांबलो. रोज समुद्र. शेवटच्या दिवशी तर दोघांनी तासभर डुंबून घेतलं. दाक्षायणी ऐकायची आणि चहा आणायला आत जायची. तिने एकदाही खोडून काढलं नाही. ती मला सांभाळून घेते आहे असं मी धरून चाललो होतो.

फेब्रुवारीत एका दुपारी महिपतराव वर आले. हातात तीन लांबट पाकिटं. मी बाहेर गेलो असताना त्यांनीच सही करून ती पोस्टमनकडून घेतली होती. "इटलीच्या सरकारचं हाय," ते जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. मला क्षणभर वाटलं, कसलंतरी प्रशस्तिपत्रक असेल. महिपतरावांच्या मोबाइलवर पत्र नुसतं धरलं की भाषांतर होतं. ज्या गल्लीत रहिवाशांशिवाय कोणी गाडी न्यायची नाही, तिथे मी तीनदा नेली होती, आणि दर फेरीचा दंड वेगळा. पुराव्याचे फोटो पाहायचे असल्यास अमुक ठिकाणी अमुक आकडा टाकावा.

मी म्हणालो, फोटो नकोत, दंड भरून टाकू. पण महिपतरावांनी आकडा टाकलासुद्धा होता. "बघू की. तुमचा इटलीतला एकतरी फोटो बघितलाय का आमी?"

फोटो उघडले. पुढून काढलेले, अतिशय स्वच्छ. लख्ख ऊन, आणि वायपर काचेच्या मधोमध. खाली वाळलेली लिंबू-मिरची. आत मी, दोन्ही हातांनी चाक धरलेला, तोंड उघडं. शेजारची सीट रिकामी. दुसऱ्यात रिकामी. तिसऱ्यातही रिकामी, आणि खाली तारीख, तास, मिनिट.

महिपतरावांनी फोटो मोठा केला. "शेवटचाच दिवस हाय की हा. डुंबायला गेलता तो. मग वैनी कुटं हायत?"

मी काहीतरी जुळवत होतो. दाक्षायणी चहाचा ट्रे ठेवून वाकली. तिने चष्मा लावून आधी पहिल्या फोटोखालची वेळ वाचली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पेपर तपासावेत तशी, सावकाश.

"अकरा चाळीस, अकरा बावन्न, बारा सात," ती म्हणाली. "मी पाण्यात होते."

"आन् साहेब?"

"ते गाडीत. कोणीतरी लागतं."

महिपतरावांनी मोबाइल खाली ठेवला. मग त्यांनी तिला हळूच विचारलं, पाणी कसं होतं. चार महिन्यांत मी ते विचारलं नव्हतं. ती खुर्चीत बसली आणि सांगायला लागली. आधी गार लागतं, मग लागत नाही. खाली वाळू नाही, गोटे आहेत, पायाखाली हलतात. खारट इतकं, की अंग आपोआप वर उचललं जातं, आणि खांद्यापर्यंत आत गेलं तरी आपली पावलं दिसतात. मागे वळून बघितलं की डोंगरावर पायऱ्या, अगदी धड्यातल्यासारख्या. चहा निवत गेला. ती महिपतरावांकडे बघून बोलत होती आणि मी दुसऱ्या खुर्चीत बसून ऐकत होतो, तिथे कधी न गेलेल्या माणसासारखा.